एफडी आरएक्स-७ चे इंजिन माउंट: कडक रबर की पॉलीयुरेथेन?

माझदा आरएक्स-७ च्या एफडी पिढीचे मूळ माउंट, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरणारे आधार, द्रव भरलेले आहेत. ते टर्बोच्या उष्णतेने आणि झिरपलेल्या तेलाने फाटतात. मग गॅस दाबताच इंजिन एका बाजूला झुकतं, इंटरकूलरचे पाइप निसटतात, गिअर अडखळतो.

रोजच्या गाडीला कडक रबरच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. इंजिनचं डोलणं बरंच कमी होतं आणि आयडलवरची (गॅस न देता इंजिन चालू असतानाची) थरथर सहन होण्याइतकीच वाढते. पॉलीयुरेथेन इंजिन आणखी घट्ट धरतं, तेलाने ते फारसं खराब होत नाही. पण आयडलवर आरसे आणि डॅशबोर्ड थरथरतात. ब्रिजपोर्ट केलेल्या (आत येणाऱ्या हवेची वाट कोरून वाढवलेल्या) इंजिनाचं आयडल मुळातच खडबडीत, तिथे हा त्रास फार. घ्यायचंच तर कमी शोअरचं (शोअर म्हणजे कडकपणाचं माप), ७० ए च्या आसपासचं घ्या. टर्बोजवळ उष्णतारोधक पत्रा हवाच.

एक गोष्ट हमखास राहून जाते. या गाडीत गिअरबॉक्सला वेगळा माउंट नाही. पॉवर प्लांट फ्रेम नावाची चौकट त्याला थेट मागच्या चाकांमधल्या डिफरेन्शियलशी जोडते. म्हणजे सगळा भार पुढे इंजिनाच्या दोन आणि मागे डिफरेन्शियलच्या दोन माउंटवर. मागच्या माउंटचे रबरी बुश गेलेले असतील, तर पुढे काहीही बसवा, धक्का राहणारच.

बदलताना ऑइल पॅनखाली जॅकवर रुंद लाकडी फळी ठेवा, नाहीतर पॅन चेपतं. इंजिन उचलताना होज ताणले जाण्याआधी थांबा. इंजिनाचे दोन्ही माउंट एकदमच बदला, आणि इंजिनाचं वजन बसल्यावरच बोल्ट शेवटचे आवळा.