कर्द बनवण्याचा संच: पोलाद घ्या, म्यान स्वतःचं करा

कर्द म्हणजे सरळ पात्याची, एकाच बाजूला धार असलेली, हाताला आडवा अडसर नसलेली सुरी. इराणपासून मुघल हिंदुस्थान आणि दख्खनपर्यंत ती कमरेला खोवलेली असायची. जुन्या हत्यारांच्या धाटणीचं काही घरी करून पाहायचं असेल तर सुरुवातीला कर्दच घ्यावी. तलवारीत लांबी छळते, कट्यारीत मुठीचं जोडकाम छळतं. कर्दीत दोन्ही नाही. तिच्यासाठी लेझरने कापलेलं पातं, मुठीचं सामान आणि म्यानाचं सामान एकाच खोक्यात देणारे संच आता ऑनलाइन मिळू लागले आहेत. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपासच्या एका संचाची ही तपासणी. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण थोड्याफार फरकाने हेच सामान बरेच जण भरतात.

खोक्यात निघतं ते असं: ईएन ४५ जातीच्या पोलादाचं ४ मिलिमीटर जाड पातं (पातं १८० मिलिमीटर लांब, २८ मिलिमीटर रुंद, मागे ११० मिलिमीटरचा मुठीत जाणारा भाग, त्यात तीन भोकं), म्हशीच्या हाडाच्या ६ मिलिमीटर जाड दोन पट्ट्या, मुठीच्या तोंडाशी बसवायचे दोन लोखंडी खांदे, ३ मिलिमीटरची पितळी सळी, अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा, सागाच्या ६ मिलिमीटर जाड दोन फळ्या, चामड्याचा एक तुकडा, दोन नळ्यांचं इपॉक्सी आणि चार पानांचं माहितीपत्रक.

पोलादापासून सुरुवात करू, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. ईएन ४५ हे ट्रकच्या पाट्यांच्या जातीचं स्प्रिंगचं पोलाद. कार्बन अर्धा टक्का ते थोडा जास्त, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. भंगारातला पाटा स्वस्त पडतो हे खरं. पण तो वर्षानुवर्षं वाकून-ताणून आलेला असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि तो नेमका कोणत्या जातीचा हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. संचातलं पातं नव्या पट्टीतून कापलेलं, सपाट आणि मऊ केलेलं येतं. कानस छान चावते. लेझरने कापलेल्या कडेवर मात्र पाव मिलिमीटरभर कडक कातडी असते. चांगली कानस तिच्यावर फिरवली तर पहिल्या दहा मिनिटांत तिचे दात जातात. आधी जुनी कानस किंवा ग्राइंडरचा दगड वापरून ती काढायची.

उतार काढण्याचं गणित सोपं आहे, पण माहितीपत्रकात ते नाही. धारेच्या ४ मिलिमीटर जाड कडेवर शाई फासून मधोमध, एकमेकींपासून १ मिलिमीटरवर दोन रेघा ओढायच्या. पाठीपासून या रेघांपर्यंत सपाट उतार काढला की प्रत्येक बाजूचा कोन साधारण ३ अंश येतो. पाणी देण्याआधी, म्हणजे पातं तापवून तेलात बुडवून कडक करण्याआधी, धारेशी हा १ मिलिमीटर राखायचाच. तो खाल्ला तर पातळ कड तेलात आधी थंड होते, जाड पाठ मागे राहते आणि पातं पिळतं किंवा कडेला तडा जातो.

माहितीपत्रकाची सर्वांत मोठी चूक पुढच्याच पानावर आहे. ‘लोहचुंबक चिकटेनासा झाला की पातं तेलात बुडवा.’ साध्या कार्बन पोलादाला हे थोडंफार चालून जातं, ईएन ४५ ला नाही. चुंबक ७७० अंशांच्या सुमारास सोडतो, पण सिलिकॉनमुळे या पोलादाला कडक व्हायला ८७० च्या वरचं तापमान लागतं. चुंबक सुटल्यावर आणखी शंभर-सव्वाशे अंश वर न्यायचं, म्हणजे लालऐवजी झगझगीत नारिंगी. माहितीपत्रकाप्रमाणे केलेलं पातं कानशीखाली अर्धवट मऊ लागतं आणि लोक दोष पोलादाला देतात.

बाकीची पथ्यं अशी. आधी तीन वेळा तापवून हवेत शांतपणे गार करायचं, म्हणजे कापताना आणि घासताना बसलेले ताण निघतात. तेल शेंगदाण्याचं चालतं, निदान ४ लिटर, ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेल दाट असतं आणि उष्णता हळू ओढतं. इंजिनचं जळकं तेल वापरू नये, त्याचा धूर विषारी. पातं टोकाकडून सरळ खाली घालायचं आणि हलवायचंच असेल तर वर-खाली. बाजूला हलवलं की एक अंग आधी गार होतं आणि बाक तिकडचा येतो. बाहेर काढल्यावर ते गरम असेतो काही सेकंद सरळ करता येतं. त्यानंतर जोर लावला तर मोडतं. आणि सिलिकॉनच्या पोलादाचा कार्बन पृष्ठभागावरून लवकर जळतो, म्हणून भट्टीत विनाकारण ठेवायचं नाही आणि दोन्ही बाजूंनी पाव मिलिमीटर घासण्याजोगं शिल्लक धरायचं. वरची मऊ साल तशीच राहिली तर कानस चावते आणि पातं कडकच झालं नाही असा गैरसमज होतो. त्या जागी थोडं घासून पुन्हा कानस लावावी. ती काचेवरून जावी तशी घसरली तर काम फत्ते.

कडक झालेलं पातं ठिसूळ राहू नये म्हणून तासाभरात ते ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवायचं. घरच्या ओव्हनची चकती सांगते त्यावर विश्वास ठेवू नका. आत वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ताटलीत घाला, म्हणजे कॉइलचा थेट मार लागत नाही.

भट्टी नसेल तर हाच संच आधीच पाणी दिलेल्या पात्यासह मिळतो आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये तोच घ्यावा. फक्त त्यावर ग्राइंडर चालवताना हातमोजे नकोत. बोटांना चटका बसला की पातं लगेच पाण्यात. धारेशी निळी झाक आली म्हणजे तापमान ३०० च्या आसपास गेलं आणि तिथला कडकपणा उतरला. तो परत आणायला पुन्हा भट्टीच लागते.

‘दमास्कस’ नावाचा महागडा प्रकारही आहे. त्यात दोन पोलादांचे थर ठोकून जोडलेले असतात. दिसायला छान, पण जुन्या कर्दींवरचं जौहर, म्हणजे पोलादातली लहरींसारखी नक्षी, ती ही नव्हे. ते मुशीत वितळवलेल्या पोलादाचं, गोठताना आणि नंतर ठोकताना आतूनच उमटलेलं. तेलंगणातलं कोनासमुद्रम अशा पोलादासाठी प्रसिद्ध होतं. ऐतिहासिक म्हणून जास्तीचे पैसे मोजत असाल तर मोजू नका.

मुठीचं सामान ठीक. जुन्या कर्दींत खांदा पात्याच्याच पोलादातून घडवलेला असतो. ४ मिलिमीटरच्या पट्टीत ते शक्य नाही, म्हणून वेगळे तुकडे दिलेत आणि नीट बसवले तर जोड दिसत नाही. हाडाच्या पट्ट्या पांढऱ्या आणि सरळ आहेत. हाडाला घाई चालत नाही. बोथट ड्रिलने गरम झालं की करपल्याचा वास येतो, भोकाभोवती पिवळं वर्तुळ पडतं आणि तिथूनच पुढे चीर जाते. नवीन बिट, कमी वेग, मध्ये थांबत. भोक सळीपेक्षा एक दशांश मिलिमीटर मोठं. हाडाची धूळ फुप्फुसाला वाईट, एन ९५ मास्क लावून पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासावं. पोलाद ८० नंबरने खरखरीत करून ॲसिटोनने पुसायचं आणि क्लॅम्प हलकाच आवळायचा. जोरात आवळला की इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. खोक्यातलं इपॉक्सी पाच मिनिटांत धरणारं आहे. ते बाजूला ठेवून २४ तासांत वाळणारं साधं अराल्डाइट आणा. रिव्हेटचं डोकं हातोडीने पसरवायचा मोह टाळा, हाड फुटतं. सळी चिकटवून सपाट घासली तरी पुरते.

आता म्यान. इथे संच नापास.

कर्दीचं म्यान शिकारी सुरीच्या खोळीसारखं नसतं. सुरी मुठीच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत आत जाते, बाहेर राहतो तो फक्त धरायपुरता भाग. म्यान पकडतं ते मुठीला. पातं आत कुठेही न टेकता लोंबत राहतं. म्हणून धार बोथट होत नाही आणि पात्यावर ओरखडे पडत नाहीत. माहितीपत्रकातलं म्यान मात्र पात्यालाच आवळून धरतं आणि मूठ पूर्ण बाहेर. हे का, ते फळ्या मोजल्या की कळतं. मुठीची जाडी ४ अधिक ६ अधिक ६, म्हणजे १६ मिलिमीटर. गोलाई आणल्यावर १४ धरा. ती आत घ्यायची तर प्रत्येक फळीत ७ मिलिमीटर खोल खाच हवी आणि बाहेर निदान ३ मिलिमीटरची भिंत. दिलेली फळीच ६ मिलिमीटरची. पैसे वाचवायला पातळ फळ्या भरल्या आणि मग त्यांच्यात बसेल असं म्यान आखलं, असा हा उलटा प्रकार.

लाकूडही चुकीचं. सागाची प्रतिष्ठा दारा-खिडक्यांना. त्यातलं तेल सरस किंवा फेविकॉल नीट धरू देत नाही आणि त्यातली सिलिका पटाशीची धार खाते. म्यानाला हलकं, मऊ, न पिळणारं लाकूड हवं. शिवण उत्तम. पांगाराही चालतो, सावंतवाडीची खेळणी पूर्वी त्याचीच व्हायची. बाभूळ, खैर नकोत, त्यांच्यातलं टॅनिन ओल लागली की पोलादावर काळे डाग पाडतं. वखारीतून १२ मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या, एकाच तुकड्यातून उभ्या चिरलेल्या घ्या, म्हणजे दोन्ही सारख्याच हलतात.

फळीवर सुरी ठेवून टोकदार पेन्सिलीने आखा. पात्यासाठी प्रत्येक फळीत पाठीशी २.३ मिलिमीटर खोल, उताराबरोबर कमी होत जाणारी खाच. धारेच्या रेषेला मात्र १ मिलिमीटर मोकळी जागा सोडा, नाहीतर सुरी प्रत्येक वेळी लाकूड चिरत आत जाईल. मुठीकडचा भाग सर्वांत शेवटी, थोडा थोडा कोरा. पात्याला आणि मुठीला तेलात कालवलेलं काजळ पुसटसं लावून दोन फळ्यांत दाबा. काळं उमटेल तिथे लाकूड लागतंय. पात्याच्या भागात एकही डाग नको, मुठीच्या भागात सगळीकडे सारखे हवेत. या कामात घाई केली की खाच सैल होते आणि सैल खाच पुन्हा घट्ट होत नाही. कोरणं एका संध्याकाळचं, काजळ लावून बघणं तीन संध्याकाळींचं, असा हिशेब धरा.

चिकटवताना खाचेपासून ३ मिलिमीटर कोरडे ठेवा. आत ओघळलेलं फेविकॉल पात्याला गंज आणतं आणि काढता येत नाही. जपानी म्यानकार भाताची खळ वापरतात, म्हणजे पुढे म्यान उघडून आतला गंज साफ करता येतो. आपल्याकडे खळ काही नवी नाही, आणि वरून चामडं शिवायचंच असल्याने ताकद पुरते. काहीही लावा, दोन दिवस सुरी आत घालू नका.

चामड्याची परीक्षा काप घेतल्यावर होते. दिलेल्या तुकड्याच्या कडेला मधोमध निळसर करडी रेघ दिसते, म्हणजे ते क्रोमने कमावलेलं. ते ओलं करून लाकडावर ओढलं तरी आकार धरत नाही, वाळल्यावर सुरकुततं. हवं ते बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं. कोल्हापुरी चपलांच्या कामात ते वापरलं जातं, पण तळव्याचं नको, फार जाड. बकरीचं, ०.८ ते १ मिलिमीटरचं मागा. म्यानाच्या घेरापेक्षा ३ ते ४ मिलिमीटर अरुंद कापा, कडा तासून पातळ करा, पाण्यात भिजवा आणि मागच्या बाजूने आरीने भोकं पाडत शिवा. वाळताना ते आवळून बसतं. तोवर लाकडात ओल उतरलेली असते, म्हणून आत सुरीऐवजी प्लास्टिकची पट्टी.

म्यानाच्या तोंडाची मोहनाळ आणि टोकाची तहनाळ या दोन पितळी टोप्यांसाठी दिलेला पत्रा चांगला, फक्त कडक आहे. तसाच वाकवला तर कोपऱ्याला चिरतो. अंधुक उजेडात मंद लाल दिसेपर्यंत तापवून गार केला की कागदासारखा वळतो. कडा ४ मिलिमीटर एकावर एक घेऊन चांदीचा डाग द्या, म्हणजे झाळा, शिशाचा सांधा मोहनाळीवर उकलतो. डाग देणं म्यानापासून दूर आणि चामड्याच्या आधी, हे सांगायला नको, पण माहितीपत्रकात क्रम उलटा छापलाय.

हे सगळं डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या हवेत करावं. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडात बेतलेली खाच उन्हाळ्यात सैल होते. कोकणात तर हे हमखास.

कायद्याचं थोडक्यात: शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत तलवारी आणि खंजिरांसारखी, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि अशी बनवायला परवाना लागतो. हे पातं सात इंचांच्या किंचित पुढे आहे. म्हणून ‘थोडं मोठं करून देतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला नको म्हणा. शहरात अधूनमधून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश लागू असतात, तेव्हा कमरेला लावून मिरवणुकीत जाण्याचा विचार सोडा. धार न काढता ठेवली तर कर्दीचं देखणेपण कणभरही कमी होत नाही.

मापं ताडून पाहायची तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहेच. काचेमागच्या हत्यारांत मूठ म्यानाच्या तोंडात किती खोल जाते, एवढंच आधी बघा.

गुण द्यायचे तर पात्याला दहापैकी नऊ, हाडाला सात, पितळेला सहा, सागाला आणि चामड्याला प्रत्येकी दोन, माहितीपत्रकाला एक, तोही चित्रं स्वच्छ आहेत म्हणून. विक्रेत्याच्या यादीत तळाशी पातं आणि हाडाच्या पट्ट्या सुट्या मिळतात, किंमत पूर्ण संचाच्या निम्म्याच्या आसपास. तेवढंच मागवा. उरलेल्या पैशांत शिवणीच्या फळ्या, बकरीचं चामडं आणि एक चांगली गोल पटाशी येते.