'शुद्ध तांबे' म्हणून विकलेली मुलाम्याची तार

कॉइल गुंडाळायला एनॅमलची (वीज न वाहू देणारं पातळ कोटिंग दिलेली) वाइंडिंग वायर ऑनलाइन मागवणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. 'शंभर टक्के शुद्ध तांबे, 28 एसडब्ल्यूजी, 100 मीटर, सोल्डरेबल' असं छापलेलं रीळ मी मागवलं. (एसडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप, आणि सोल्डरेबल म्हणजे सोल्डरिंगच्या उष्णतेनेच कोटिंग निघून जाईल अशी तार.) हातात आली ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार.

पुण्यातल्या आमच्या शाळेत सुट्टीच्या दिवशी मुलं क्रिस्टल रेडिओ बनवतात. कॉइल, केंद्र लावायचा गँग कंडेन्सर, सिग्नलमधून आवाज वेगळा करणारा जर्मेनियम डायोड, क्रिस्टल इअरफोन, लांब एरियल आणि नीट केलेलं अर्थिंग, एवढ्यावर आकाशवाणी पुण्याचं 792 किलोहर्ट्झवरचं केंद्र ऐकू यायला हवं. यात सेल नसतो आणि आवाज वाढवणारं काही नसतं. एरियलवर जी चिमूटभर शक्ती येते तीच इअरफोनपर्यंत पोचवायची असते, म्हणून तार आणि सांधे खरे लागतात.

एनॅमलची तार जोडायची तर आधी टोकावरचं कोटिंग काढायचं, मग उघड्या तांब्यावर सोल्डरचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या कथिलाच्या मिश्रधातूचा, पातळ थर चढवायचा. कोटिंग पॉलियुरेथेनचं असेल तर हे सोपं आहे. सोल्डरिंगचा आयर्न 390 अंशांच्या आसपास तापवायचा, टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्यायचा आणि त्यातून तार सावकाश ओढायची. कोटिंग जळून बाजूला होतं, तार चकाकते. (या धुरात आयसोसायनेट असतात. खिडकी उघडी ठेवा, आणि दमा असलेल्या मुलाला हे काम देऊच नका.) मोटरची उष्णता सोसण्यासाठी केलेलं पॉलिएस्टर-इमाइडचं कोटिंग मात्र आयर्नला दाद देत नाही, तिथे ब्लेड किंवा पॉलिश पेपरच लागतो.

या रिळाचं कोटिंग थेंबात गेलंच नाही. म्हणजे 'सोल्डरेबल' हा शब्द तिथेच खोटा ठरला. मुलांनी पॉलिश पेपर घेतला. थोडं घासल्यावर छान तांबूस रंग दिसला आणि आणखी दोन हात मारताच खाली पांढरं निघालं. त्या पांढऱ्यावर सोल्डर धरेना, गोळी होऊन घरंगळून जाई. काही सांधे वरून बसल्यासारखे दिसले आणि हलक्या ओढीने सुटून आले. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, मला सोल्डरिंग जमणारच नाही बहुतेक." तिचा हात उत्तम आहे. पैसे गेल्याचं मला तेवढं वाटलं नाही, पण खोट्या मालापायी एक हुशार मूल स्वतःलाच नालायक ठरवू लागलं, याचा संताप अजून गेलेला नाही.

असं का होतं ते समजून घ्या. अशा तारेत तांबं आकारमानाने साधारण 10 ते 15 टक्के असतं. 28 एसडब्ल्यूजीच्या तारेवर याचा अर्थ 10 ते 15 मायक्रॉनचा थर, पितळी पातेल्यावरच्या कल्हईसारखा वरवरचा. एनॅमल खरवडताना तोही निघून जातो. नाहीच निघाला, तरी आयर्न जास्त वेळ टेकवल्यावर वितळलेल्या कथिलात विरघळतो. खाली उरतं अ‍ॅल्युमिनियम. त्याच्यावर हवेत क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि सांधा साफ करणाऱ्या आपल्या नेहमीच्या राळेच्या फ्लक्सला तो हटत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्रू गेज आणि तराजू होता, त्यामुळे संशयावर थांबायची गरज पडली नाही. जाडी बरोबर निघाली. 28 एसडब्ल्यूजी म्हणजे 0.376 मिलिमीटर, या जाडीचं तांबं मीटरला जवळजवळ एक ग्रॅम भरतं, म्हणजे 100 मीटरला 100 ग्रॅमच्या आसपास. बॉबिन वेगळी करून नुसती तार तोलली तर 40 ग्रॅमसुद्धा भरली नाही. मग मल्टिमीटर लावला. तांब्याच्या एवढ्या तारेचा रोध साधारण साडेपंधरा ओहम यायला हवा, इथे 24च्या पुढे आला. ही दोन मापं एकत्र पाहणं महत्त्वाचं आहे. नुसतं लांबीत मारलं असतं तर वजन आणि रोध दोन्ही कमी आले असते. वजन कमी आणि रोध जास्त, तेही जाडी बरोबर असताना, म्हणजे धातूच वेगळा. शेवटी एक तुकडा चिमट्यात धरून लायटरच्या ज्योतीत नेला. या जाडीचं तांबं लाल होऊन तसंच राहतं, कारण ते 1085 अंशांना वितळतं. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. तुकडा मान टाकून तुटला. ही परीक्षा मोकळ्या हवेत आणि मोठ्या माणसानेच करावी.

विक्रेत्याला कळवलं तर आधी उत्तर आलं की तुमचा आयर्न कमी वॅटचा असेल. मग एक व्हिडिओ आला: 'बघा, चुंबक चिकटत नाही, म्हणजे अस्सल तांबं.' चुंबक अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही! त्याने फार तर आत लोखंड नाही एवढंच कळतं. तिसरं उत्तर मात्र हुशारीचं होतं, आणि त्याला नवखा माणूस भुलेल. 'रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, आत काय आहे याने फरक पडत नाही.' तत्त्व खरं आहे, पण आकडे घालून पाहा. करंट पृष्ठभागापासून मुख्यतः जेवढ्या खोलीपर्यंत वाहतो, ती खोली 792 किलोहर्ट्झला तांब्यात सुमारे 74 मायक्रॉन येते. तांब्याचा थर आहे 10-15 मायक्रॉनचा. म्हणजे मीडियम वेव्हला बराचसा करंट अ‍ॅल्युमिनियममधूनच जाणार. ते बोलणं खरं होऊ लागतं 20 मेगाहर्ट्झच्या पुढे. आणि सांध्याचा प्रश्न तर तिथेही सुटत नाही.

अशी तार बनवणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. स्पीकरच्या व्हॉइस कॉइलला ती हलकी म्हणून मुद्दाम वापरतात, आणि तिथे ती योग्यच आहे. तिचं नाव सांगून, तिच्या भावाने विकली तर माझी काही तक्रार नाही. तांब्याचं नाव आणि तांब्याचा भाव लावणं ही लबाडी.

पुढे निरोप आला, 'पैसे परत देतो, रिव्ह्यू काढून टाका.' मी काढला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तुम्हीही मागवण्याआधी वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण तक्रार झाल्यावर शब्द बदलतात. माझ्या बाबतीत 'शुद्ध तांबे'चं नंतर गुपचूप 'कॉपर वायर' झालं. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि सगळी तार गुंडाळून संपवण्याआधी तोलून घ्या.

मुलांसाठी नवी तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर आणली. तिचंही कोटिंग खरवडूनच काढावं लागतं, पण खरवडल्यावर शेवटपर्यंत तांबूस राहते आणि सोल्डर झरकन पसरतं. त्या मुलीने पहिलाच सांधा चकचकीत केला.

तुमच्याकडे संशयास्पद रीळ असेल तर पूर्ण उलगडू नका. 10 मीटर मोजून कापा आणि सराफाच्या किंवा प्रयोगशाळेच्या तराजूवर ठेवा. 28 एसडब्ल्यूजीचं तांबं 10 ग्रॅमच्या जवळ भरेल. विक्रेता 'आमचं माप एडब्ल्यूजीचं आहे' म्हणाला, तर 28 एडब्ल्यूजीची (अमेरिकन मापाची) तार 0.321 मिलिमीटरची असते आणि तीसुद्धा सव्वासात ग्रॅम भरायला हवी. काटा चारच्या आसपास थांबला, तर त्या आकड्याचा फोटो काढा आणि तक्रारीला जोडा.