गळासाठी घरी गांडुळं पाळायला घेतलेला तीन ट्रेचा डबा

एकावर एक तीन ट्रे, खाली नळ, असा जो डबा कंपोस्टसाठी मिळतो तो मी फक्त आमिषासाठी घेतला, खताशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू गळ टाकणाऱ्यांच्याच कामाचा.

डबा मस्तच आहे. गांडुळं कातडीनेच श्वास घेतात, त्यामुळे ओल पाहिजे आणि हवापण पाहिजे, आणि इथे खालच्या नळाचा खरा उपयोग होतो कारण जास्तीचं पाणी साचून आत चिखल झाला की आंबूस वास सुटतो आणि सगळी झाकणाकडे चढायला लागतात. आत फाडलेला पुठ्ठा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मुठीत दाबलं तर एखाद-दोन थेंब पडतील एवढंच ओलं. टेम्परेचर १५ ते २५ डिग्री ठेवा म्हणजे ती खुशीत असतात.

खटकलं काय तर सोबत आलेली गांडुळं!! लाल वाली, आयसेनिया फेटिडा. खताला एक नंबर, पण गळाला लावायला बारीक, आणि टोचली की पिवळं, उग्र वासाचं पाणी सोडतात. छोट्या गळावर चालतात, नाही असं नाही. पण आमिषासाठी डेंड्रोबेना जातीची गांडुळं मागवा, जाड आणि चिवट असतात, पाण्यात बराच वेळ वळवळत राहतात. गरम हवा असेल तर आफ्रिकन नाइटक्रॉलर जातीची, त्यांना थंडी मात्र अजिबात सोसत नाही. ते लांबलचक कॅनेडियन नाइटक्रॉलर या डब्यात टाकूच नका, जमिनीत खोल बिळं करून राहणारी जात ती, डब्यात पिल्लावळ वाढत नाही. विकणाऱ्याने निदान जात निवडायची सोय तरी द्यायला हवी होती.

सोबतचं माहितीपत्रकही खतवाल्यांसाठीच लिहिलंय, भरपूर गांडुळं भरा म्हणे. गर्दी केली की ती बारीकच राहतात हो! मोजकी ठेवा, वरचा ट्रे जाड करायच्या गांडुळांसाठी वेगळा काढा, थोडं थोडं खायला द्या, अंड्याच्या टरफलांची पूड टाका. लिंबू-संत्र्याची सालं, मीठ, तेलकट काही नको.

आणि एक गोष्ट या ट्रेमुळे फार सोपी झाली, मासे पकडायला निघायच्या आधी ट्रे उचलून उजेडात ठेवायचा, उजेड नको म्हणून सगळी खाली जातात, वरचा थर हलक्या हाताने काढत गेलं की तळाशी पुंजका मिळतो, उकरत बसावं लागत नाही. डब्याला ४ स्टार, गांडुळांना २.