भाव बांधायचे, साठा सोडायचा, रेशन लावायचं की रोख मदत द्यायची?

जीवनावश्यक वस्तू महिन्या-दोन महिन्यांत दीडपट महागली की पहिली मागणी येते ती भाव बांधून देण्याची. ही मागणी रास्त असते. ज्या घराची निम्मी कमाई पोटावर खर्च होते, त्या घराला 'बाजार आपोआप सावरेल' हे ऐकवण्यात अर्थ नसतो. पण भाव बांधणं हा हाताशी असलेल्या चार-पाच उपायांपैकी एक आहे, आणि प्रत्येक उपायाची किंमत कोणीतरी चुकवतच असतं. धोरणाचं टिपण लिहिणारा अधिकारी, सभागृहात बाजू मांडणारा लोकप्रतिनिधी किंवा मागणीपत्र तयार करणारी ग्राहक संघटना, या सगळ्यांना उपाय निवडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं: भाव कशामुळे चढला?

कारणं साधारण तीन असतात. पीक बुडालं, कारखाना बंद पडला किंवा आयात अडकली म्हणून माल कमी पडला. किंवा माल आहे, पण विकणारा एकच आहे आणि तो मनमानी भाव लावतो. किंवा चलनच घसरलंय आणि सगळंच महागतंय. या तिन्हींना एकच औषध चालत नाही.

एकच तूट, चार उपाय

हिशेबासाठी एक छोटी बाजारपेठ घेऊ. 500 कुटुंबं, प्रत्येकी महिन्याला 2 नग, म्हणजे 1000 नग खप, भाव 100. पीक बुडालं आणि आवक 900 वर आली. गरजेच्या वस्तूची मागणी भाव वाढला तरी फारशी घटत नाही. ग्राहकांनी 10 टक्के कमी घ्यायला भाव 40 टक्के चढावा लागतो असं धरू. म्हणजे भाव 140.

पहिला उपाय, कमाल किंमत 110. वरच्याच प्रमाणाने या भावाला गिऱ्हाइकांना 975 नग हवेत. विकणाऱ्यांपैकी काही जण मात्र माल दाबून ठेवतात, काही बाहेरच्या बाजारात पाठवतात, आणि इथे येतात 860 नग. तूट 115 नगांची. आता खरी बाब पाहा: 860 नगच असतील, तर शेवटच्या नगासाठी कोणीतरी 156 मोजायला तयार असतो. म्हणजे मागच्या दाराचा भाव खुल्या बाजाराच्या 140 पेक्षाही वर जातो, कारण माल आणखी कमी झालेला आहे. 110 आणि 156 मधला 46 चा फरक गुणिले 860 नग, म्हणजे 39,560. ही रक्कम कुठे जाणार हे आदेशात कुठेच लिहिलेलं नसतं. ती रांगेतल्या तासांत जाते, ओळखीपाळखीत जाते किंवा दुकानदाराच्या खिशात जाते. काही कुटुंबांना 110 ला माल मिळतो हे खरं, पण ती सर्वांत गरजू कुटुंबं असतीलच असं नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला सकाळी रांगेत उभं राहायला वेळ नसतो.

दुसरा उपाय, राखीव साठा. 110 च्या भावाला विकणारे 860 नगच आणतात, त्यात सरकारने दरमहा 115 नग ओतले तर 975 ची मागणी भागते आणि भाव 110 वर येतो, कोणावर खटला न भरता. म्हणजे आदेश जेवढी तूट निर्माण करतो नेमका तेवढा माल सरकारच्या गोदामात असेल, तर आदेशाची गरजच उरत नाही. आणि तो माल नसेल, तर आदेशाने तो येत नाही. नुसत्या आदेशाच्या बाजूने बोलणाऱ्याने आधी या 115 नगांचा पत्ता सांगावा.

तिसरा, रेशन. भाव 110 आणि कुटुंबामागे 1.7 नग. एकूण 850 नग वाटले जातात आणि 10 नग नासधूस, चुकीच्या नोंदी यांसाठी हाताशी राहतात. प्रत्येकाला थोडं कमी, पण प्रत्येकाला.

चौथा, रोख मदत. भाव 140 वर राहू द्यायचा आणि सर्वांत गरीब 150 कुटुंबांना फरक द्यायचा: 2 नगांमागे 80, म्हणजे महिन्याला 12,000. सरकारचा खर्च स्पष्ट दिसतो आणि जास्त भाव मिळत असल्याने माल बाजारात येत राहतो.

पाचवा पर्याय म्हणून सरसकट अनुदान किंवा करकपात सुचवली जाते. माल वाढूच शकत नसेल तर तिचा उपयोग जवळपास शून्य असतो. 900 नगांसाठी गिऱ्हाईक 140 मोजायला तयारच असतं, त्यामुळे नगामागे दिलेले 20 बहुतांश विकणाऱ्याकडे जातात.

कमाल किंमत कुठे चालते

विकणारा एकटा किंवा मोजकेच असतील आणि उत्पादनखर्चापेक्षा भाव कितीतरी वर असेल, तिथे कमाल किंमत खरोखर काम करते. तिथे विकणाऱ्याने जादा भावासाठी मुद्दाम कमी विकण्याचं ठरवलेलं असतं. भाव खर्चाच्या वरच पण खाली आणला, तर तो जास्त विकून कमावतो. तुटवडा होत नाही, उलट खप वाढतो.

औषधं हे याचं नेहमीचं क्षेत्र. भारतात 2013 च्या औषध दरनियंत्रण आदेशाची रीत नीट पाहण्यासारखी आहे: अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाच्या ज्या ब्रँडचा बाजारातला वाटा 1 टक्का किंवा अधिक आहे, त्या सगळ्यांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढायची आणि त्यावर विक्रेत्याचे 16 टक्के धरायचे. पुढे दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदल. या पद्धतीत खर्चाचे ताळेबंद मागावे लागत नाहीत, ही तिची मोठी सोय. तोटाही तिथेच आहे: कच्चा माल अचानक महागला तर सूत्राला ते कळत नाही. डिसेंबर 2019 मध्ये 21 औषधप्रकारांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला 50 टक्क्यांनी वाढवून द्याव्या लागल्या, कारण त्या भावात ती बनवणं परवडत नव्हतं आणि ती बाजारातून नाहीशी होण्याचा धोका होता. आदेशात गरज पडली तर भाव वाढवून देण्याची सोय, पळवाट नव्हे, झडप, ठेवलेली होती म्हणून औषधं वाचली. आपण लिहीत असलेल्या आदेशात ती आहे का, हे आधी तपासावं.

फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली गेली: साध्या धातूच्या स्टेंटला 7,260 रुपये, औषधयुक्त स्टेंटला 29,600. आधी रुग्णाकडून याच्या कितीतरी पट वसूल होत असे आणि त्यातला मोठा हिस्सा उत्पादनखर्चाचा नसून मधल्या टप्प्यांचा होता. इथे भाव बांधणं योग्यच होतं. तरीही काही कंपन्यांनी आपले नवे प्रकार मागे घेण्याची परवानगी मागितली. सगळ्या दर्जांना एकच भाव लावला की वरचा दर्जा निघून जाण्याकडे कल होतो, हे गृहीत धरूनच वर्गवारी करावी लागते.

आदेश लिहिताना होणारी गफलत

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे साखळीचा एकच टप्पा बांधणं. फिलिपिन्समध्ये 5 सप्टेंबर 2023 पासून तांदळाच्या किरकोळ विक्रीवर मर्यादा आली: साधा पॉलिश केलेला तांदूळ किलोला 41 पेसो, चांगला पॉलिश केलेला 45. लहान दुकानदारांकडचा माल आधीच त्याहून महाग खरेदी केलेला होता. सरकारला त्यांना प्रत्येकी 15,000 पेसोंची मदत द्यावी लागली आणि महिन्याभरात, 4 ऑक्टोबरला, मर्यादा उठवली गेली. किरकोळ भाव बांधायचा तर गिरणीचा आणि घाऊक भावही त्याच दिवशी बांधावा लागतो, मधे वाहतूक आणि घट यांचं अंतर ठेवून.

इंडोनेशियाने जानेवारी 2022 मध्ये खाद्यतेल लिटरला 14,000 रुपियावर बांधलं. जगात पामतेल कडाडलेलं असताना देशातला भाव खाली राहिला आणि फळ्या रिकाम्या झाल्या. मार्चमध्ये बाटलीबंद तेलावरची मर्यादा काढताच तेल पुन्हा दिसू लागलं, पण खूप महाग. मग 28 एप्रिलला निर्यातबंदी आली. निर्यातीची वाट बंद होताच टाक्या भरल्या, गिरण्यांनी तेलताडाची फळं घेणं कमी केलं, शेतकऱ्याचा भाव कोसळला आणि 23 मे रोजी बंदी उठली. ग्राहकाला दिलासा देताना पुढच्या हंगामाचा उत्पादकच कसा दुखावतो, हे इतक्या थोड्या आठवड्यांत क्वचितच दिसतं.

हंगेरीची गोष्ट तिसऱ्या कारणाची आहे, सर्वंकष महागाईची. फेब्रुवारी 2022 मध्ये साखर, पीठ, सूर्यफूल तेल, दूध यांसह सहा वस्तूंचे भाव ऑक्टोबर 2021 च्या पातळीवर आणले गेले; नंतर अंडी आणि बटाटे जोडले. दुकानांनी या वस्तूंवरचा तोटा यादीबाहेरच्या वस्तूंवर चढवला. त्या वर्षाच्या अखेरीस देशाची अन्नधान्य महागाई 40 टक्क्यांच्या वर होती. इंधनाचा लिटरला 480 फोरिंटांचा (फोरिंट हे तिथलं चलन) बांधलेला भाव तर पंप कोरडे पडू लागल्यावर 6 डिसेंबर 2022 ला सोडून द्यावा लागला. चलनाच्या घसरणीवर सात-आठ वस्तूंचे भाव बांधणं हा उपाय नव्हे.

वजन, प्रत आणि बांधणी आदेशात नसेल तर भाव तोच राहतो आणि माल बदलतो: पाकीट हलकं होतं, प्रत उतरते किंवा बांधलेल्या वस्तूसोबत दुसरं काही घेण्याची सक्ती होते. म्हणून किमतीच्या आकड्याशेजारी निव्वळ वजन, प्रत आणि कोणत्या टप्प्याची किंमत हे तिन्ही असावंच.

रेशन: भारी, पण न्याय्य

माल खरोखरच कमी असेल आणि वर्षभर कमीच राहणार असेल, तर भाव बांधण्याबरोबर प्रमाणही बांधावं. युद्धकाळात ब्रिटन आणि अमेरिकेने हेच केलं. तिथली कळ कुपनच्या उलट प्रवासात होती: दुकानदार गिऱ्हाइकाकडून आलेली कुपनं घाऊक व्यापाऱ्याला देई, तेव्हाच त्याला तितका नवा माल मिळे. मागच्या दाराने विकलेल्या मालाचं कुपन नसल्याने पुढच्या वेळी त्याची भरणी तितकी कमी होई. नुसत्या भावफलकाच्या तपासणीपेक्षा ही साखळी किती तरी पक्की. पण यंत्रणा मोठी लागते आणि ती आवरायलाही वेळ लागतो. ब्रिटनमध्ये रेशन जानेवारी 1940 ला सुरू झालं आणि जुलै 1954 ला संपलं.

साठा आणि साठामर्यादा

राखीव साठा फक्त टिकाऊ मालात चालतो आणि आधी भरलेला असावा लागतो. टंचाई सुरू झाल्यावर सरकार खरेदीला उतरलं तर तेच भाव चढवतं. उलट टोकाचा धोका ऑस्ट्रेलियाच्या लोकरीत दिसला: आधारभाव इतका वर ठेवला की विकत घेतलेल्या गाठी साचत गेल्या, आणि फेब्रुवारी 1991 मध्ये योजना थांबली तेव्हा सुमारे 47 लाख गाठी पडून होत्या. खरेदी आणि विक्री, दोन्हींचे भाव आधी ठरवून जाहीर करावेत, आणि ते बाजाराच्या लांबच्या सरासरीशी जोडावेत.

व्यापाऱ्यांवर साठामर्यादा घालणं स्वस्त आणि जलद असतं, म्हणून ते पटकन केलं जातं. मूठभरांनी माल अडवला असेल तर त्याचा उपयोग होतो. पण सुगीत घेऊन तुटीच्या महिन्यांत विकणं हे साठवणुकीचं मूळ काम आहे. सुगीच्या तोंडावर मर्यादा आली तर शेतकऱ्याचा माल कोणी उचलत नाही आणि सहा महिन्यांनी विकायला माल नसतो. घालायचीच तर ती सुगी संपल्यावर, ठरावीक मुदतीची असावी.

रोख मदत, आणि तिची एक हुशार रचना

रोख मदतीचं यश यादीवर अवलंबून असतं. ज्याचं बँक खातं नाही, ज्याचं नाव नोंदलेलं नाही तो सुटतो, आणि तोच बहुधा सर्वांत गरजू असतो. दुर्गम भागात जिथे मोजकेच विक्रेते आणि आवक मर्यादित, तिथे रोख पैशाने भाव आणखी चढू शकतो. अशा ठिकाणी धान्यच पाठवावं. इतरत्र, यादी तयार असेल तर माझ्या मते हाच पहिला उपाय.

जर्मनीने 2023 मध्ये गॅससाठी केलेली रचना अभ्यासण्याजोगी आहे. घराच्या आधीच्या वापराच्या 80 टक्के गॅसला युनिटमागे 12 सेंट. त्यावरचा वापर पूर्ण बाजारभावाने. सवलतीचं प्रमाण जुन्या वापरावर ठरलेलं असल्यामुळे वाचवलेल्या प्रत्येक युनिटचा फायदा पूर्ण बाजारभावाने घराला मिळे. बिल आवाक्यात राहिलं आणि काटकसरीची गरजही कळत राहिली. मीटरने मोजता येणाऱ्या प्रत्येक वस्तूला हे लागू करता येतं. ज्या घरांचा जुना वापर जास्त, त्यांना मदतही जास्त, हा तिचा दोष. वर कमाल मर्यादा घालून तो बराच कमी होतो.

मुदत आणि पहिले काही आठवडे

अमेरिकेत 15 ऑगस्ट 1971 रोजी 90 दिवसांसाठी भाव गोठवले गेले. त्यातून पुढे वाढत गेलेलं तेलाचं दरनियंत्रण उठलं जानेवारी 1981 मध्ये. त्यामुळे आदेशातच शेवटची तारीख आणि मुदतवाढीसाठी नवं कारण लेखी देण्याची अट घालावी. उठवताना भाव एका झटक्यात मोकळे न करता दर महिन्याला थोडे वर न्यावेत आणि त्याच महिन्यापासून रोख मदत सुरू करावी. श्रीलंकेत ऑक्टोबर 2021 मध्ये दूध पावडर, गॅस, पीठ आणि सिमेंटवरचं नियंत्रण एकदम काढलं गेलं आणि सगळी वाढ घरांवर एकाच वेळी कोसळली.

आदेश निघाल्यापासून दर आठवड्याला तीन नोंदी ठेवाव्यात: ठरावीक दुकानांत वस्तू फळीवर होती का, घाऊक बाजारातली आवक किती, आणि यादीबाहेरच्या जवळच्या वस्तूंचे भाव. भावफलकावरचा आकडा यात नाही, कारण तो आदेशाने ठरलेलाच असतो. लागोपाठ दोन आठवडे आवक घटली आणि फळ्या रिकाम्या दिसल्या, तर दंड वाढवण्याआधी बांधलेली किंमत घाऊक खरेदीच्या खाली गेली आहे का ते तपासावं, आणि गेली असेल तर त्याच आठवड्यात ती सुधारावी.