जमिनीखालच्या कामाची पारख : एका स्थापत्य सल्लागार संस्थेच्या सेवेचे परीक्षण

आमच्या भागीदारी संस्थेने उताराच्या जमिनीवर निवासी भूखंडांचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि पर्जन्यजल निचरा यांचे आरेखन व देखरेख एका स्थापत्य सल्लागार संस्थेकडे सोपवली होती. आता भूखंडांचे ताबे दिले गेले आहेत आणि जोरदार पाऊसही होऊन गेला आहे, त्यामुळे या सेवेविषयी जबाबदारीने लिहिता येईल.

विकासक बहुधा आधी भूखंड पाडतो आणि उरलेल्या जागेतून गटारे काढायला सांगतो. या संस्थेने मात्र समोच्च रेषांचे, म्हणजे जमिनीवरील सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचे, सर्वेक्षण हाती येईपर्यंत एकही भूखंड आखण्यास नकार दिला. सांडपाणी गुरुत्वाने वाहून न्यायचे, तर जागेतील सर्वांत खालचा बिंदू आणि तिथपर्यंतचा उतार आधी ठरवावा लागतो. नळातील वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरपेक्षा कमी झाला, तर गाळ तळाशी बसू लागतो आणि वाहिनी तुंबते. त्यासाठी त्यांनी मुख्य रस्ता नैसर्गिक ओघळीच्या बाजूने वळवला. विक्रीयोग्य क्षेत्र थोडे घटले, त्यावर भागीदारांत बरीच चर्चाही झाली. पण सांडपाणी उपसण्याचा पंप टळला. पंपाचा भुर्दंड विकासकाला नव्हे, तर पुढे रहिवाशांना कायम सोसावा लागतो, म्हणून हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही त्यांनी आजच्या मोकळ्या जमिनीवर न मांडता सगळी घरे उभी राहिल्यानंतरच्या स्थितीवर मांडला. गवताळ जमिनीवरून पावसाचा लहानसा भागच वाहून जातो, तर डांबर, काँक्रीट आणि छपरे यांवरून 80 ते 90 टक्क्यांपर्यंत पाणी वाहते. हा वाढलेला लोंढा खालच्या वस्तीवर जाऊ नये, यासाठी त्यांनी एका कडेला साठवण तळे आखले. त्याचे निर्गमद्वार मुद्दाम लहान ठेवल्याने पाणी सावकाश बाहेर पडते.

या संस्थेची खरी पारख झाली ती देखरेखीत. रस्त्याच्या भरावाचा प्रत्येक थर दाबून झाला, की त्यांचा अभियंता त्यात छोटा खड्डा खणून निघालेली माती तोलायचा, तिचा ओलावा तपासायचा, खड्ड्यात ठरावीक घनतेची कोरडी वाळू ओतून आकारमान काढायचा आणि प्रयोगशाळेतील कमाल घनतेशी तुलना करायचा. घनता 95 टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर ठेकेदाराने कितीही घाई केली तरी पुढचा थर पडत नसे. पाणी मारून रोलर पुन्हा फिरवला जाई. सांडपाण्याच्या वाहिन्याही दोन चेंबरांमधील टप्पा पाण्याने भरून, पातळी उतरत नाही याची खात्री झाल्यावरच बुजवल्या गेल्या.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. वीज आणि दूरसंचार केबलींसाठी रस्त्याखालून आडवे पाइप आधीच टाकून ठेवण्याची तरतूद नकाशात नव्हती. परिणामी तयार झालेला रस्ता काही ठिकाणी कापावा लागला, आणि त्यांपैकी एका ठिकाणचे ठिगळ आताच खचू लागले आहे. आरेखनाची व्याप्ती ठरवताना ही बाब सल्लागारानेच उपस्थित करायला हवी होती. दुसरी तक्रार नकाशांची आहे. प्रत्यक्षात झालेल्या कामाचे नकाशे, म्हणजे प्रत्येक चेंबरची तळपातळी, झडपांच्या जागा आणि नळांची खोली दाखवणारी कागदपत्रे, फार उशिरा आणि अनेकदा मागणी केल्यावर मिळाली.

मोठ्या उताराची, ओघळींची किंवा भरावाची जमीन असेल, तर ही संस्था मी निःसंकोचपणे सुचवेन. मात्र केबलींच्या मार्गांचा समन्वय करारात नावानिशी लिहून घ्यावा आणि शुल्काचा शेवटचा हप्ता प्रत्यक्ष कामाचे नकाशे ताब्यात आल्यावरच द्यावा.