शरणपूर रोडवरील कार्यालय आणि देखभाल शुल्काचा हिशेब

नाशिकमध्ये शरणपूर रोडवरील एका व्यापारी संकुलात आम्ही दोन वर्षे भाड्याने कार्यालय चालवले. जागा उजेडाची आहे, लिफ्ट क्वचितच बंद पडते आणि सुरक्षारक्षक तत्पर आहेत. तक्रार आहे ती देखभाल शुल्काच्या आकारणीबद्दल. बोलणी करताना शुल्क चौरस फुटाला 8 रुपये सांगण्यात आले आणि आमचे चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराची जागा, 600 चौरस फूट असल्याने आम्ही 4,800 रुपये गृहीत धरले. प्रत्यक्षात आकारणी 900 चौरस फूट सुपर बिल्ट-अप क्षेत्रावर (भिंती आणि जिने, लिफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरून मोजलेल्या क्षेत्रावर) झाली, म्हणजे 7,200 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून दरमहा 8,496 रुपये. जीएसटी नोंदणी असल्याने कराची वजावट मिळाली, परंतु मूळ फरक आमच्याच माथी बसला.

जनरेटरच्या डिझेलचे बिल वेगळे येत असे, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्चही भाडेकरूंमध्ये वाटला गेला, जो माझ्या मते मालकाने सोसायला हवा होता, कारण त्यातून मालमत्तेचेच आयुष्य वाढते. व्यवस्थापकांनी मागताच खर्चाची बिले दाखवली, हे मात्र मान्य केले पाहिजे.

येथे जागा घेणाऱ्यांनी आकारणीचे क्षेत्र, शुल्कात मोडणारी कामे, वार्षिक वाढीची मर्यादा आणि हिशेब पाहण्याचा हक्क लिव्ह अँड लायसन्स करारातच लिहून घ्यावा आणि मगच अनामत रक्कम द्यावी.