मधली तोटी असलेला आर्सेनिक फिल्टर

सिंकखाली बसणारा हा दोन कार्ट्रिजचा फिल्टर मी घेतला तो एका छोट्या तोटीसाठी. दोन कार्ट्रिजच्या मध्ये ती आहे, पाण्याचा नमुना काढायला. माझ्या मते निम्मे पैसे त्या तोटीचेच.

आर्सेनिक हे विष, पण त्याला रंग, वास, चव काहीच नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर ते कळत नाही, यूव्ही दिव्याने जात नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि आर्सेनिक मागे राहतं. त्यामुळे कार्ट्रिज संपलं की नाही, हे नळाकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही. आतले लोह ऑक्साइडचे दाणे आर्सेनिक धरून ठेवतात, आणि त्यांच्यावरची जागा भरली की पुढचं सगळं सरळ पेल्यात. या फिल्टरमध्ये मधल्या तोटीचं पाणी प्रयोगशाळेत द्यायचं. तिथला आकडा चढू लागला की पहिलं कार्ट्रिज काढायचं, दुसरं पुढे सरकवायचं, नवं मागे लावायचं. तोवर पहिल्यातून निसटलेलं आर्सेनिक दुसरं कार्ट्रिज अडवतं, म्हणून पिण्याच्या नळाला धोका नसतो.

आमच्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ४१ मायक्रोग्रॅम आर्सेनिक निघालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १० आहे. फिल्टरनंतरचा अहवाल २ च्या खाली आला.

खोक्यावर छापलेल्या लिटरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. फॉस्फेट आणि सिलिका त्याच दाण्यांवर जागा अडवतात, पीएच वाढला की पकडही ढिली पडते. आमच्याकडे सिलिका भरपूर, त्यामुळे पहिलं कार्ट्रिज छापील आकड्याच्या बरंच आधी संपलं. मधली तोटी नसती तर कळलंही नसतं.

विक्रेत्याचा आग्रह आरओचा, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळणाऱ्या यंत्राचा होता. पण खोल विहिरीत, जिथे प्राणवायू कमी, तिथे आर्सेनिक बहुधा आर्सेनाइटच्या रूपात असतं. त्यावर विद्युतभार नसल्याने ते आरओच्या पडद्यातून बरंच निसटतं. मग आधी क्लोरीन देऊन त्याचं विद्युतभार असलेलं आर्सेनेट करा, पुन्हा पडदा खराब होऊ नये म्हणून तोच क्लोरीन काढा, वर पाणी वाया जातं ते वेगळंच. लोहाचे दाणे आर्सेनाइटही बऱ्यापैकी धरतात. अख्ख्या घराला फिल्टर लावायच्या भानगडीतही मी पडलो नाही. आर्सेनिक कातडीतून फारसं शिरत नाही, त्यामुळे पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी शुद्ध झालं की पुरे.

तक्रारी आहेतच. पाण्यात विरघळलेलं लोह असेल तर ते आधी काढायला हवं, नाहीतर गंजाचा गाळ बसून कार्ट्रिज तुंबतं. माहितीपत्रकात याचा उल्लेखच नाही. धार बारीक आहे, पण आर्सेनिक धरायला दाण्यांना पुरेसा वेळ लागतो, तेव्हा ती चालवून घेतो. कार्ट्रिजची टोपी हाताने फिरत नाही आणि ती उघडायचा पाना खोक्यात नाही. मानांकनातला एक तारा त्या पान्यासाठी कापला आहे.